उघड्या वाक्याची भीती

"बाई, वाक्य उघडं दिसतंय."

असं म्हणून ते माझ्या टाइपरायटरमधला कागद वर ओढून काढायचे. शाईच्या पेनाचं टोपण दातांत धरायचे आणि वाक्याच्या सुरुवातीला एक बारीकशी काकपदाची खूण करून वर लिहायचे, 'टु बी फ्रँक'. मधे कुठे जागा दिसली की 'सो टु से'. शेवटाला काही कमी वाटलं तर 'इफ आय मे से सो'. मग कागद डोळ्यांपासून लांब धरून वाचायचे आणि टोपण तोंडात तसंच ठेवून म्हणायचे, "आता कसं माणसांत आलं!"

ते माणसांत यायचं, आणि मला मात्र सगळं पान कार्बनसकट पुन्हा बडवावं लागायचं.

मला या माणसाचा राग यायचा. यायचा कसला, अजून येतो. ते जाऊनही आता बराच काळ झाला, आणि गेलेल्या माणसाबद्दल वावगं बोलू नये असं मला घरी शिकवलेलं आहे. पण इथे ते जमणार नाही, आधीच सांगून ठेवते. नाव तेवढं सांगत नाही. त्यांची मुलंबाळं डोंबिवलीतच आहेत आणि रस्त्यात भेटली की माझी आपुलकीने चौकशी करतात. त्या बिचाऱ्यांनी माझं काही वाकडं केलेलं नाही.

स्वातंत्र्य मिळून काही वर्षं झाली होती. मी मॅट्रिक होऊन टायपिंग आणि शॉर्टहँड शिकले आणि माजिवड्याच्या पुढे, आग्रा रोडला लागून असलेल्या एका कारखान्यात लागले. पत्र्याचे डबे करायचा कारखाना. समोर रस्ता, मागे भातशेती, आणि शेतांपलीकडे बाळकुमची घरं. आम्ही ठाण्यात चरईला राहायचो. मुलगी कारखान्यात जाते म्हणून आळीतल्या बायकांनी नाकं मुरडून झाली होती. मला त्याचं काही वाटत नव्हतं, कारण ऑफिसात गेल्यावर त्याहून मोठा त्रास माझी वाट बघत बसलेला असायचा.

तो त्रास म्हणजे आमचे हेडक्लार्क. सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणत. बंद गळ्याचा कोट, काळी टोपी, नाकाच्या शेंड्यावर चष्मा. खरा साहेब आत काचेच्या खोलीत बसायचा आणि तो अस्सल गोरा होता. देश सोडून गेलेल्यांबरोबर तो गेला नव्हता. त्याला मराठीचा एक शब्द येत नव्हता, आणि कारखान्यातून बाहेर जाणारं इंग्रजीतलं एकूण एक अक्षर भाऊसाहेबांच्या हातून गेल्याशिवाय जात नव्हतं. मसुदा कोणाचाही असो, तो आधी त्यांच्या टेबलावर जायचा आणि अंगाने भरून परत यायचा.

आता तुम्ही म्हणाल, एवढं काय त्यात? हे शब्द तर सगळेच वापरतात. खरं आहे. बोलताना माणूस जरा थांबतो, समोरच्याचा चेहरा बघतो, पुढचं जुळवतो, आणि तेवढ्या वेळात तोंड रिकामं राहू नये म्हणून काहीतरी पुटपुटतो. आपण मराठीतही 'म्हणजे कसं आहे', 'खरं सांगायचं तर', 'आता बघा' करतोच की. पण 'पत्रे सोमवारी पाठवा' एवढं लिहायला खरं सांगायचं तर कशाला? सोमवारबद्दल कोण खोटं बोलत होतं?

ही पत्र्यांची गोष्ट घडलेली आहे. डब्यांना लागणारा पत्रा संपत आला होता. मी मजकूर केला, 'पत्रे सोमवारपर्यंत पाठवा, नाहीतर काम बंद पडेल.' भाऊसाहेबांनी कागद ओढला. त्यांच्या हातून जे पत्र गेलं त्याचं मराठी करायचं तर असं होईल: 'मोकळेपणाने बोलायचं तर, आणि हे सांगायची गरजही नाही, पत्रे साधारणपणे सोमवारच्या सुमारास आले तर, तसं म्हणायला हरकत नसेल तर, एका अर्थी बरं होईल.' व्यापाऱ्याने ते वाचलं असेल आणि पाय लांब करून सुपारी कातरली असेल. पत्रे आले गुरुवारी. तोवर पत्रा दाबून कापणाऱ्या प्रेस बंद, कामगार सावलीत बसून, आणि साहेब स्टोअरकीपरवर ओरडतोय. भाऊसाहेब आपले चष्मा पुसत म्हणाले, "लोकांना सभ्यतेची किंमत राहिली नाही हो. पत्र किती गोड गेलं होतं!"

मी म्हटलं, "गोड होतं, पण त्यात पत्रे कधी हवेत ते कळत नव्हतं."

"बाई, भाषेला वंगण लागतं. नुसतं लोखंडावर लोखंड घासून चालत नाही."

कारखान्यात राहून त्यांना वंगण बरोबर सुचायचं. पण वंगण यंत्राला घालतात, यंत्राच्या ऐवजी घालत नाहीत, हे मी तेव्हा म्हणायला हवं होतं. असली उत्तरं मला नेहमी घरी गेल्यावर सुचतात.

ऑफिसात एवढं भोगून रविवारी तरी सुटका व्हावी! तर माझी मावशी डोंबिवलीला नेमकी त्यांच्याच चाळीत राहायची. त्या वेळी डोंबिवलीत घरं थोडी आणि विहिरी बऱ्याच. मुंबईत जागा न मिळालेली नोकरदार माणसं तिथे येऊन राहत होती, आणि नोकरदार म्हटलं की अर्ज आलाच. रविवारी सकाळी भाऊसाहेबांच्या ओट्यावर माणसं बसलेली असायची. कोणाला बदली हवी, कोणाला बढती, कोणाला मुलाची फी माफ करून हवी. भाऊसाहेब कोणाकडून काही घेत नसत, हे मात्र मान्य करायला हवं. उलट चहा पाजायचे. कोणी अर्ज घेऊन आला की त्यांचा चेहरा उजळायचा आणि ते मांडीवर पाट घेऊन बसायचे.

मावशीच्या शेजारी रेल्वेतले एक कारकून राहायचे. त्यांची आई वारली. सुतक चालू, डोकं भणभणलेलं, अशात त्यांनी रजेचा अर्ज भाऊसाहेबांकडून लिहून घेतला आणि न वाचताच सही करून पाठवला. त्यात होतं, 'अ‍ॅज अ मॅटर ऑफ फॅक्ट, माझी आई, सो टु से, वारली आहे.' म्हणजे वस्तुस्थिती पाहता, माझी आई, एका परीने म्हणायचं तर, वारली आहे. रजा मिळाली. पण दिवस करून ते कामावर गेले तेव्हा त्यांच्या वरच्या साहेबाने चारचौघांत विचारलं, "काय हो, आई पूर्ण वारली का एका परीने?" सगळं ऑफिस हसलं. पुढे ते कारकून निवृत्त होईपर्यंत त्यांना तिथे 'सो टु से' म्हणत.

त्यांनी ते सगळं मावशीला सांगितलं. मावशी तोंडाची फटकळ. पाणी भरायला आलेल्या भाऊसाहेबांना तिने विहिरीवरच गाठलं. "अहो, मेलेल्या बाईला मेली म्हणायला तुम्हाला काय धाड भरली होती?"

भाऊसाहेब कळशी हातात घेऊन उभेच राहिले. म्हणाले, "असं एकदम कसं म्हणायचं हो, मावशी? बरं दिसत नाही."

हे मात्र त्यांना मनापासून वाटायचं. कपटी माणूस असता तर मी त्याला एकदाच मनातून काढून टाकलं असतं. पण यांना खरोखरच वाटायचं की सरळ वाक्य म्हणजे उद्धटपणा.

असं का, ते त्यांनी मला एकदा डबा खाताना सांगितलं. ते विशीत असताना फोर्टातल्या एका गोऱ्या कंपनीत लागले होते. घरी वडील आजारी पडले. यांनी शाळेत शिकलेल्या इंग्रजीत अर्ज केला, 'आय वाँट लीव्ह.' साहेबाने तो वाचला, "वाँट? यू वाँट?" म्हणून ओरडला आणि कागदाचा बोळा यांच्या तोंडावर फेकला. सगळे कारकून बघत होते. मग तिथल्या एका म्हाताऱ्या पारशी कारकुनाने यांना बाजूला घेतलं आणि 'डीकरा, जरा माखण लगाव' असं म्हणत तोच अर्ज पुन्हा लिहून दिला. त्यात एक ओळ रजेची होती आणि बाकीचं सगळं लोणी. तो सही होऊन आला.

"तेव्हापासून, बाई," ते म्हणाले, "उघडं वाक्य बघितलं की तो बोळा पुन्हा अंगावर येताना दिसतो."

बोलताना त्यांचा घास हातातच राहिला होता. मला वाईट वाटलं, नाही असं नाही. त्या दिवशी त्यांनी घातलेले सगळे 'टु बी फ्रँक' मी एका शब्दाने कुरकुर न करता टाइप केले. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा डोकं तापलं. तो बोळा फेकणारा साहेब कधीच बोटीत बसून गेला होता. राज्य गेलं, झेंडा बदलला, आणि हे गृहस्थ अजून त्याच्या खोलीबाहेर उभे! बरं, एकटे उभे राहिले असते तर राहोत. ते आम्हाला सगळ्यांना हाताला धरून बरोबर उभं करत होते.

धर्मा नावाच्या कामगारालाही त्यांनी तसंच उभं केलं, आणि त्यासाठी मी त्यांना कधी माफ केलेलं नाही.

धर्मा बाळकुमचा. त्याचा बाप मिठागरावर राबलेला, घरची थोडी भातशेती. धर्मा आमच्याकडे मोठ्या प्रेसवर होता. त्या प्रेसला पुढे लोखंडी जाळी असायची, म्हणजे पत्रा सरकवताना हात आत जाऊ नये. ती जाळी मोडली म्हणून काढून ठेवली होती आणि नवी बसवायची राहिली होती. धर्माने फोरमनला सांगितलं. फोरमन म्हणाला, माल अडलाय, तसंच चालव. धर्माने चालवलं, आणि उजव्या हाताची बोटं गेली.

मी तेव्हा खिडकीशी होते. त्याला उचलून ट्रकमध्ये घातला आणि सिव्हिल हॉस्पिटलात नेला. दुपारी भोंगा नेहमीसारखा वाजला आणि बाकीच्या प्रेस पुन्हा सुरू झाल्या.

फोरमन लगेच उलटला. म्हणाला, जाळी होती, यानेच हात भराभर चालावा म्हणून काढली. प्रेसवरचे बाकीचे कामगार मान खाली घालून बसले. त्यांना रोज त्याच फोरमनच्या हाताखाली उभं राहायचं होतं. सगळं एवढ्यावर आलं: जाळी कोणी काढली? कंपनीने काढलेली असेल तर धर्माला भरपाई, आणि वर फाटकावर बसायची नोकरी. त्याने स्वतः काढलेली असेल तर काही नाही. त्या हाताने आता ना प्रेस चालणार होती, ना नांगर धरता येणार होता. घरात बायको आणि थकलेली आई.

जखम भरत आल्यावर एका शनिवारी साहेबाने धर्माला आपल्या खोलीत बोलावलं. साहेब स्वतः चौकशी करणार आणि मुंबईच्या मुख्य कचेरीला अहवाल पाठवणार. खोलीत साहेब, फोरमन, धर्मा, शॉर्टहँडची वही घेऊन मी, आणि धर्माचं बोलणं साहेबाला इंग्रजीत सांगायला भाऊसाहेब.

साहेबाने विचारलं, जाळी होती का?

धर्मा म्हणाला, "जाली नव्हती. फोरमनला मी सांगला व्हता."

याच्याइतकी सरळ गोष्ट मी आयुष्यात ऐकलेली नाही. भाऊसाहेबांनी घसा साफ केला आणि म्हणाले, "टु बी फ्रँक, सर, ही सेज द गार्ड वॉज, सो टु से, नॉट देअर. अँड ही हॅड, मोअर ऑर लेस, टोल्ड द फोरमन."

म्हणजे जाळी एका परीने नव्हती, आणि फोरमनला त्याने कमी-अधिक सांगितलं होतं.

साहेबाच्या कपाळाला आठी पडली. तो वाईट माणूस नव्हता. त्याने पुढे वाकून विचारलं, "इज ही शुअर?" त्याची खात्री आहे का?

भाऊसाहेबांनी धर्माला विचारलं. धर्माने त्यांच्याकडे न बघता साहेबाच्या डोळ्यांत बघितलं आणि म्हणाला, "व्हय."

"यू सी, सर," भाऊसाहेब म्हणाले, "ही इज, इन अ मॅनर ऑफ स्पीकिंग, शुअर."

माझी पेन्सिल थांबली. माझ्या तोंडून निघून गेलं, "सर, तो नुसतं हो म्हणाला." इंग्रजीतच म्हटलं. फोरमनने वळून माझ्याकडे रोखून बघितलं. साहेब थंडपणे म्हणाला, "मिस, तुम्ही लिहून घ्यायला बसला आहात." मग त्याने भाऊसाहेबांकडे पाहिलं. भाऊसाहेब म्हणाले, "येस, सर." पण 'येस, सर' ते साहेबाने छत्री मागितली तरी म्हणायचे, साहेब शिंकला तरी म्हणायचे. तो 'येस' धर्माच्या 'व्हय'साठी होता की मला गप्प बसवल्याबद्दल होता, हे साहेबाला कळायला काही मार्ग नव्हता. त्याने पुढचा प्रश्न फोरमनला विचारला. फोरमनचं इंग्रजी मोडकंतोडकं, त्यामुळे त्यात काही मिसळलेलं नव्हतं. "गार्ड देअर. ही रिमूव्ह." झालं.

साहेबाने मला अहवाल सांगितला. त्यात एक वाक्य होतं: कामगाराला स्वतःलाच निश्चितपणे काही सांगता आलं नाही.

बाहेर आल्यावर मी भाऊसाहेबांना अडवलं. राग आला की माझा आवाज चढतो. "भाऊसाहेब, तो 'एका परीने' कधी म्हणाला? त्याची बोटं काय एका परीने गेलीत?"

त्यांना खरंच कळलेलं नव्हतं आणि आता हळूहळू कळत होतं, हे मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. टोपी काढून त्यांनी कपाळ पुसलं. "मी तर त्याची बाजू चांगली दिसावी म्हणून..." एवढंच म्हणाले आणि वाक्य तिथेच सोडून निघून गेले.

सोमवारी सकाळी मी आले तर धर्मा फाटकाच्या आत, पहारेकऱ्याच्या बाकावर बसलेला. हात फडक्यात गुंडाळून मांडीवर ठेवलेला. मला बघून उठला. चेहरा हसरा.

"बाय, काल भाऊसाहेब घरा आलते."

"बाळकुमला? तुझ्याकडे?"

"व्हय. चालत आले. वट्यावर बसले. पानी पन घेतला नाय." तो आवाज उतरवून म्हणाला, "चुकलं, म्हनले. माज्या आयसमोर म्हनले. म्हातारा मानूस, डोल्यांत पानी. आज सायबाला सगला सांगतो म्हनले. मंग मी आलो हितं. बसतो म्हनलं."

मला इतका आनंद झाला की विचारू नका. रविवारचा ओटा सोडून, अर्ज घेऊन आलेल्या माणसांना परत पाठवून हा माणूस डोंबिवलीहून ठाण्याला आला आणि भर उन्हात शेतांच्या बांधावरून बाळकुमपर्यंत चालत गेला. आणि तिथे जाऊन बोलला काय, तर 'चुकलं'. त्याच्या आधी काही नाही, नंतर काही नाही. मी जिना चढताना ठरवलं की आजपासून यांच्याशी नीट वागायचं.

भाऊसाहेब आलेले होते. कोट इस्त्रीचा. मला म्हणाले, "बाई, अहवाल झाला का?" मी म्हटलं, "झालाय, साहेबांची सहीही झाली. पण पिशवी बाराला जाते. आधी तुम्ही बोलून घ्या." मुंबईची टपालाची पिशवी भाऊसाहेब स्वतः लाख लावून बंद करायचे आणि शिपाई ती घेऊन फोर्टात जायचा. ते "हो, हो" म्हणाले, कोटाची बटणं चाचपली आणि साहेबाच्या खोलीत गेले. त्या खोलीला अर्धी झुलती दारं होती. मला सगळं ऐकू येत होतं.

"गुड मॉर्निंग, सर."

"मॉर्निंग. येस?"

"इफ आय मे से सो, सर, विथ युवर काइंड परमिशन..."

"गो ऑन."

"अ‍ॅज अ मॅटर ऑफ फॅक्ट, सर, टु बी फ्रँक, आय ओन्ली वाँटेड..." इथे ते अडखळले. 'वाँट' तोंडात आल्याबरोबर त्यांना धसकाच बसला असावा. मागे गेले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. "विथ ऑल रिस्पेक्ट, सर, ऑन सॅटर्डे, सो टु से..."

मी जागेवर उभी राहिले होते. मनात म्हणत होते, बोला, भाऊसाहेब, आता बोला. दोन शब्दांचं काम आहे. काल एका शब्दात केलंत, आज दोन शब्दांत करा.

टेलिफोन वाजला. फोर्टातून होता. साहेब बराच वेळ बोलत होता, हसत होता. भाऊसाहेब टेबलासमोर हात बांधून उभे. साहेबाने फोन ठेवला, हॅट उचलली आणि विचारलं, "वेल? एनिथिंग इम्पॉर्टंट?" महत्त्वाचं काही?

सगळा जीव गोळा करून माणूस 'येस' म्हणेल. रोज उठताबसता म्हणायचे तो 'येस' इथे म्हणायचा होता.

"नॉट एक्झॅक्टली इम्पॉर्टंट, सर," भाऊसाहेब म्हणाले. "बट, यू सी..."

"देन आफ्टर लंच," साहेब म्हणाला.

ते दारं ढकलून बाहेर आले. मी त्यांच्याकडे बघितलं. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "साहेब लंचनंतर ऐकणार आहेत."

"पिशवी बाराला जाते, भाऊसाहेब. ती तुमच्याच हातात आहे. थांबवा."

"साहेबांनी सही केलेला कागद मी कसा थांबवू, बाई?"

मग मी कसलाही विचार न करता आत गेले. साहेब हॅट घालत होता. मी म्हटलं, "सर, जाळी नव्हती. धर्मा हो म्हणाला होता, ठामपणे. भाषांतरात चूक झाली." मला वाटतं, माझ्या आयुष्यातलं तेच सर्वांत चांगलं इंग्रजी. साहेब थांबला. क्षणभर मला वाटलं, ऐकलं याने. मग त्याने त्या झुलत्या दारांकडे बोट केलं आणि शांतपणे म्हणाला, "मिस, माझा हेडक्लार्क आत्ता इथे उभा होता. तसं काही असतं तर तो बोलला असता."

मी बाहेर आले तेव्हा भाऊसाहेब मेणबत्तीवर लाख धरून बसले होते. लाखेचे थेंब पिशवीच्या गाठीवर नीट, एकाशेजारी एक पडत होते. त्यांनी शिक्का दाबला, शिपायाला हाक मारली, पिशवी दिली. मग माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. काहीतरी म्हणायचं होतं त्यांना. ओठ हलले. मी मशीनमध्ये कागद घातला आणि मुद्दाम जोरजोरात टाइप करायला लागले. काय टाइप करत होते कोण जाणे. थोड्या वेळाने मान वर केली तर ते तिथे नव्हते. डोकं दुखतंय असं सांगून लवकर गेले, आणि पुढचं फाटक सोडून मागच्या, शेतांकडच्या फाटकातून गेले. म्हणजे स्टेशनला जायला त्यांनी केवढा वळसा घेतला असेल!

मुंबईहून यायचं तेच उत्तर पुढे आलं. भरपाई नाही, फाटकावरची जागाही नाही. पण त्या दुपारी ते अजून यायचं होतं, आणि धर्मा बाकावर बसून होता. सगळे कामगार जेवून परत आत गेले तरी तो हलला नव्हता. कोणीतरी त्याला जाऊन सांगायला हवं होतं, आणि ज्याने सांगायचं तो बांधाबांधाने कुठल्या कुठे पोचला होता.

मी खाली गेले. धर्मा उठून उभा राहिला.

"बोलले ना भाऊसाहेब? हितनं खिडकीत दिसत व्हते सायबासमोर हुबे."

"नाही बोलले," मी म्हटलं.

त्याला ते खरंच वाटेना. तो वर साहेबाच्या खिडकीकडे बघत राहिला, मग माझ्याकडे वळला. राग नव्हता त्याच्या चेहऱ्यावर. त्याला नुसतं समजून घ्यायचं होतं.

"मंग येवढा वेल आत काय करीत व्हते, बाय?"